दुसऱ्या मजल्यावरचं गॅरेज

आमच्या खोलीत वास येतो. प्लॅस्टिक वितळवणाऱ्या सिमेंटचा, थिनरचा, आणि पॉलिशपेपरनं घासून उडालेल्या भुकटीचा. सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा तर चहाच्या आधी हा वास घशात उतरतो. मी त्यावरून रोज कटकट करते, आणि अंगात जीव आहे तोवर करणार. सगळी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात गेली माझी. शिट्टी गेली, पण आवाज अजून खणखणीत आहे.

हा वास पसरवणारी बाई म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. हे निवासगृह आम्हा म्हाताऱ्यांचं. तीन मजले, लांबच लांब व्हरांडे, प्रत्येक खोलीत दोन पलंग, दोन कपाटं आणि एक खिडकी. इथे सगळे तिला गॅरेजवाली म्हणतात, कारण तिच्या टेबलावर कायम गाड्या दुरुस्तीला लागलेल्या असतात. ट्रक, बस, क्रेन, ट्रॅक्टर, रोडरोलर. सगळ्या प्लॅस्टिकच्या, सगळ्या हुबेहूब, आणि सगळ्या तळहातावर मावतील एवढ्या.

ती आली तेव्हा खिडकी माझी होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुम्हाला या खिडकीतून काय बघायचं असतं?"

मी म्हटलं, "पार्किंग."

"मग ते पलंगावरूनही दिसतं," असं म्हणून तिनं आपलं टेबल सरळ खिडकीला लावलं. मी तोंड उघडायच्या आत दिवा जोडून झाला होता, भिंग बसवून झालं होतं आणि ती एका बसचं चाक काढत होती. मनात म्हटलं, अगं बाई, ही तर माझ्याहून वरचढ निघाली! त्याच आठवड्यात आम्ही अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आलो, कारण अहो म्हणून माणसाला नीट भांडता येत नाही.

"याला खेळणी म्हणायचं नाही हं, मास्तरीण," तिनं मला बजावलं होतं. "खेळणं मोडलं की पोर रडतं आणि विसरतं. हे मोडलं की पन्नाशीचा बाप्या रडतो आणि विसरत नाही."

आणि ते खरंच आहे. लोक म्हणे सुट्या तुकड्यांचा खोका विकत आणतात, महिनोन्‌महिने बसून जोडतात, रंगवतात, काचेच्या कपाटात ठेवतात. मग घर बदलताना, धूळ झटकताना, नाहीतर मांजराच्या कृपेनं आरसा तुटतो, वायपर उडतो, धुराचा पाइप मोडतो. मोडलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, तो केरात जातो. मग ही माणसं पत्ता काढत आमचा जिना चढतात. हातात बुटांचा खोका, आणि चालणं असं की आत तान्हं मूल झोपलंय.

गॅरेजवाली मूळची दातांच्या लॅबमधली. डॉक्टर मापं घ्यायचे आणि कवळ्या ही बनवायची. कुणाचा दात पिवळसर, कुणाचा किंचित पुढे आलेला, तसाच्या तसा. "लोकांना नवे दात नको असतात गं," ती सांगते, "आपलेच परत हवे असतात." त्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कपाटभर गाड्या होत्या. एकदा झाडणाऱ्या बाईच्या हातून एका बसचा आरसा तुटला. बाई रडकुंडीला आली. हिनं शाबूत राहिलेल्या आरशाचा साचा घेतला आणि कवळीच्या मसाल्यातून दुसरा ओतला. पण साचा डाव्या आरशाचा आणि तुटलेला उजवा! ओतला तोही डावाच निघाला. मग अख्खी दुपार कानशी घेऊन बसली आणि डाव्याचा उजवा केला. डॉक्टरांना पत्ता लागला नाही, पण त्यांच्या एका मित्राच्या नजरेनं तो हेरला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं आपला खोका आणून हिच्यापुढे ठेवला. निवृत्त झाल्यावर कवळ्या सुटल्या, गाड्या काही सुटल्या नाहीत.

तिचं काम बघत बसावं असं असतं, पण ऐकवत नाही. आधी मालकानं स्वतःच फासलेला गोंद खरवडावा लागतो, आणि ते करताना ती त्या मालकाचा असा उद्धार करते की विचारू नका. "कुणी सांगितलं होतं याला हात लावायला? जेवतो तरी नीट का हा माणूस, की घास कानात घालतो?" मग सुईसारखं ड्रिल चिमटीत धरून फिरवत दोन्ही मोडक्या टोकांना भोक पाडायचं, आत तारेचा बारीक तुकडा बसवायचा, आणि ब्रशच्या टोकानं सिमेंटचा थेंब सोडायचा. गोंद नुसता चिकटवतो. हे सिमेंट दोन्हीकडचं प्लॅस्टिक जरासं विरघळवतं आणि एक करून टाकतं. म्हणून तर त्याला तो जीवघेणा वास.

आता आमच्या मॅनेजरबाई. वाईट नाहीत हं त्या. सगळ्यांची औषधं तोंडपाठ, कुणी पडलं तर स्वतः धावत येतात. पण सगळ्यांना सरसकट आजी आणि आजोबा म्हणतात, आणि बोलतात असं की आम्ही सगळे नुकतेच रांगायला लागलोय. गॅरेजवालीनं एकदा सुनावलंच, "तुमच्या आजी तुमच्या घरी. मला बाई म्हणा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं आजी."

तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी किटलीनं टेबलक्लॉथ पेटवला आणि नवे नियम आले. खोलीत सुरी नको, मेणबत्ती नको, वासाचं कुठलंही रसायन नको. मॅनेजरबाईंनी आमच्या टेबलावरची पात्यांची डबी आणि सिमेंटच्या बाटल्या उचलल्या.

"मुलाशी बोललेय मी," त्या म्हणाल्या. "त्यांची काही हरकत नाही."

"कुणाच्या मुलाशी?"

"तुमच्या."

"सुरी माझी आणि विचारलं त्याला?"

"पद्धत आहे तशी, आजी. आधी घरच्यांना विचारतो आम्ही."

"अहो, त्याला परवानग्या देत देत मी मोठा केला," गॅरेजवाली कडाडली. "सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, लग्न करू का! आणि आता मी त्याच्या परवानगीनं पेन्सिल छिलू?"

मॅनेजरबाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या की वर राहायचं तर नियमानं राहावं लागेल, नाहीतर खाली सोय आहे. ते ऐकून मी पलंगावरून उठून बसले. आमच्याकडे खाली म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तळमजल्यावर देखरेखीचा विभाग. दाराला कडी बाहेरून. टेबल नाही, कात्री नाही, काचेचा ग्लाससुद्धा नाही. दिवसभर खुर्च्या भिंतीला लावून बसायचं. तिथे गेलेलं माणूस जिना चढून परत वर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

बदल्यात त्यांनी छंदवर्ग सुचवला. त्याची एक ताई येते, गोड पोरगी, आवाज मधासारखा. रंगीत कागद, बोथट कात्र्या, पांढरा गोंद. गॅरेजवाली एकदाच गेली.

"काय केलंस?" मी विचारलं.

"फुलपाखरू."

"मग?"

"मग काय, कपाळ! तिनं टाळ्या वाजवल्या. दातांची लॅब चालवली मी, आणि फुलपाखराला टाळ्या!"

टेबलावर तेव्हा एक बंब अडकून पडला होता. लालभडक, वर लांब शिडी. तो होता बंबवाल्यांचा. हे गृहस्थ फायर ब्रिगेडमध्ये ड्रायव्हर होते, राहतात जवळच, आणि कानानं कमी ऐकत असल्यामुळे बोलतात ते आग लागल्यासारखंच. स्वतः चालवायचे त्याच गाडीचं मॉडेल त्यांनी दोन वर्षं बसून जोडलं होतं. फडकं मारताना शिडी बुडाशी मोडली आणि एक आरसा लोंबकळायला लागला. "बाई, घाई नाही!" असं रोज सांगायला ते रोज यायचे. सिमेंटच जप्त झाल्यावर ती तरी काय करणार? बंब तसाच उभा.

आणि मग छंदवर्गाच्या ताईनं चांगुलपणा केला. आम्ही संध्याकाळी जेवायला गेलो होतो. ती कसले तरी कागद द्यायला खोलीत आली, लोंबणारा आरसा बघून तिला वाईट वाटलं, आणि पर्समधल्या झटपट गोंदाची नळी काढून तिनं तो चिकटवून टाकला. बिचारीला वाटलं, आजी खूश होतील.

सकाळी बघतो तर बंबाची पुढची काच पांढरीफटक, मोतीबिंदू झाल्यासारखी. त्या गोंदाची वाफ निघते म्हणे, आणि ती पारदर्शक प्लॅस्टिकवर जाऊन बसते. या कामातली माणसं तो गोंद काचेच्या आसपास फिरकू देत नाहीत. ताई आली, काच बघितली आणि गोंद आपणच लावला असं सांगून रडायला लागली. मला वाटलं, आता गॅरेजवाली तिचे वाभाडे काढणार. पण ती हळूच म्हणाली, "रडू नकोस. मदत करायची तर आधी विचारायचं, एवढं लक्षात ठेव. इथे कुणीच कुणाला विचारत नाही." हे ती पोरीला सांगत होती खरं, पण बघत होती दाराकडे, मॅनेजरबाईंच्या ऑफिसच्या दिशेनं.

ती काच कापून काढल्याशिवाय इलाज नव्हता. केकच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नवी काच काढायची आणि बसवायची, काम तसं सोपं. पण पातं हवं. गॅरेजवाली स्वतः ऑफिसात गेली. "तासाभरासाठी द्या. तुम्ही समोर बसा, मोजून घ्या, मोजून परत न्या." मॅनेजरबाई म्हणाल्या, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल. परत आली तेव्हा तिची कानशिलं लाल झाली होती.

मग बंबवाल्यांनी पातं आणलं, चष्म्याच्या डबीत घालून. आणि सिमेंटची बाटली खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातून. "कुणाला सांगू नका हं, बाई!" असं त्यांनी गुपचूप सांगितलं, म्हणजे अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेलं. "आगीत गाडी घातलीय मी! या मॅनेजरला काय भ्यायचं!"

तिनं काच कापायला घेतली. तीन बाजू सुटल्या. शेवटच्या कोपऱ्याला पातं सटकलं आणि डाव्या हाताच्या बोटात शिरलं.

एरवी एवढ्याशा कापल्याचं काही नाही. पण ती हृदयासाठी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेते. रक्त थांबेचना. रुमाल भिजला, टॉवेल भिजला, माझ्या झग्याची बाही भिजली. मी घाबरले. एका हातानं तिचं बोट आवळून धरलं आणि पटांगणावर मारायचे तशी हाक मारली. वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवरच्या नर्सेस धावत आल्या.

"मूर्ख आहेस तू!" मी तिच्यावर ओरडत होते. "या वयात मरायला टेकलीस आणि तेही एका फुटकळ काचेपायी!"

ती पांढरीफटक पडली होती. म्हणाली, "काचेला लागलं का गं?"

"काय?"

"रक्त. बंबाला लागलं का?"

मी तिला एक ठेवून दिली असती, पण हात गुंतले होते.

डॉक्टरांनी टाके घातले, बोटाला मोठी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी मला ऑफिसात बोलावून चहा दिला. तिचा मुलगा उद्या दुपारी येतोय, म्हणाल्या. तिला खाली हलवायचं ठरतंय. मुलगा तयार होईल, पण मनाविरुद्ध हलवायचं तर खोलीतल्या जोडीदाराची तक्रारही लागते, तसा इथला नियमच आहे.

"तुमची तक्रार तर आहेच. वासाची, डोकेदुखीची. रोज सांगता तुम्ही. फक्त उद्या मुलासमोर सांगा," त्या म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून, "खिडकीही तुम्हाला परत मिळेल. आणि खरं सांगू का आजी, काल तुम्ही नसता तर काय झालं असतं? मला झोप लागत नाही हो त्या विचारानं."

त्यांना खरंच झोप लागत नव्हती. डोळ्यांवरून दिसत होतं. खरं तर झोप मलाही लागली नव्हती. मी चहा संपवला, बघते म्हटलं आणि वर आले.

खोलीत गॅरेजवाली पट्टी बांधलेल्या हातानं नवी काच बसवून मोकळी झाली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. लपवाछपवी मला जमत नाही.

"मग तू काय सांगणार?" तिनं विचारलं.

"खरं काय ते."

"मग ठीक," असं म्हणून ती परत भिंगाखाली वाकली.

दुसऱ्या दिवशी मुलगा यायच्या वेळेला तिनं शिडी काढली. मी म्हटलं, "आत्ता? अगं, ते लोक येतीलच इतक्यात."

"म्हणूनच आत्ता. खाली नेलं तर ही परत माझ्या हातात यायची नाही, आणि त्या बंबवाल्याला मी शब्द दिलाय."

तार आधीच बसवून ठेवली होती. तिनं सिमेंटचा थेंब सोडला, शिडी बुडात टेकवली आणि दोन्ही हातांनी धरली. चिमटे होते ड्रॉवरमध्ये, पण शिडी नाजूक, चिमट्यानं वाकली असती. प्लॅस्टिक मऊ पडलेलं असतं तेव्हा ती रेसभर जरी कलली तरी कायमची वाकडी बसणार. तेव्हा धरायचं आणि घट्ट होईपर्यंत धरूनच बसायचं, दुसरा उपाय नाही.

तेवढ्यात दार वाजलं. मॅनेजरबाई, आणि मागे तिचा मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, विमा कंपनीत नोकरीला, म्हणजे कुठे काय वाईट होऊ शकतं ते शोधून काढणं हाच त्याचा धंदा. त्यानं आईच्या बोटावरची पट्टी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"आजी, ते खाली ठेवा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आपल्याला बोलायचंय."

"नाही ठेवत. बोला. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

"हे बघा, इतकं झाल्यावरही तेच चाललंय," त्या मुलाला म्हणाल्या. "सिमेंटही आणलंय कुठून तरी."

मुलगा टेबलाजवळ आला. "आई, किती रक्त गेलं माहितीये तुला?"

"माझंच होतं. मला नाही तर कुणाला माहिती असणार?"

"थट्टा करू नकोस! उद्या मनगटावर लागलं तर?"

"तर मरेन."

"आई!"

"मग काय सांगू? खाली ठेवलंस तर मरणार नाही का मी? मरेनच. जरा उशिरा, आणि दोन्ही हात धडधाकट ठेवून. त्या धडधाकट हातांचं तिथे करू काय रे मी? टाळ्या वाजवू?"

ती बोलत होती, पण मान वळवत नव्हती. नजर शिडीवर. मुलगा तिच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "तुला काही झालं तर मी काय करायचं?"

"रडायचं," ती म्हणाली, या खेपेला जरा हळू. "पोटभर रडायचं आणि मग जेवायचं. तुझे बाबा गेले तेव्हा मी तेच केलं. पण तुला रडू येऊ नये म्हणून मी जगणं सोडून द्यायचं, हे जमायचं नाही मला."

मग मॅनेजरबाई माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही सांगा आजी. खोलीत वास येतो की नाही?"

"येतो," मी म्हटलं.

"तुमचं डोकं दुखतं?"

"रोज दुखतं."

"परवाचं रक्त बघून भीती वाटली?"

"फार वाटली. अजून वाटते."

"बघा," त्या मुलाला म्हणाल्या. "जोडीदाराची रीतसर तक्रार आहे."

"थांबा हो!" मी उभी राहिले. "माझं बोलून संपलेलं नाही. डोकं माझं आहे, दुखणंही माझं आहे. त्यावरून हिच्याशी भांडायचं की नाही ते मी ठरवीन, आणि मी भांडतेच आहे, कुणी मला अडवलेलं नाही. पण माझी तक्रार घेऊन तुम्ही हिचं टेबल उचलायचं नाही! मी वासाबद्दल बोंबलत होते, हिला कोंडा असं कधी म्हटलं होतं? माझ्या तोंडचा शब्द आहे तो. त्याला दुसऱ्याच कामाला जुंपायचं नाही, सांगून ठेवते!"

माझा आवाज चढला होता.

"ओरडू नकोस," गॅरेजवाली शांतपणे म्हणाली. "टेबल हलतंय."

मॅनेजरबाईंनी फाइलमधून एक छापील कागद काढून टेबलाच्या कडेला ठेवला. थकल्या होत्या त्याही. "ठीक आहे. जोडीदाराची हरकत नाही म्हटल्यावर मला जबरदस्ती करता येत नाही. पण मग जबाबदारी कुणीतरी घ्या. यापुढे सुरीनं काही झालं तर संस्था जबाबदार नाही, असं लिहून द्या. साहेब, इथे सही करा."

मुलानं कागद वाचला. दोनदा वाचला, त्याची नोकरीच ती. खिशातून पेन काढून वाकला.

"तू नाही," आई म्हणाली.

"आजी, सही मुलाचीच लागते. पद्धत आहे."

"बोट माझं, सुरी माझी, जबाबदारी माझी. सही मी करणार. फक्त आत्ता हात सोडता येत नाहीत, थांबावं लागेल."

मॅनेजरबाईंनी मुलाकडे बघितलं. मीही बघितलं. तो पेन धरून तसाच वाकलेला. कपाळावर घाम. नुसती सही ठोकायची, की झालं, घरी जाता येतं. पण तो सरळ उभा राहिला. त्यानं माझी खुर्ची ओढली, आईच्या शेजारी टेकवली आणि बसला.

"थांबतो मी," तो म्हणाला. "होऊ दे तुझं."

मग आम्ही थांबलो. सगळे. मॅनेजरबाई फाइल छातीशी धरून उभ्या, मी पलंगाच्या कडेला, मुलगा खुर्चीत. व्हरांड्यातून औषधांची गाडी खडखडत गेली. बंबवाल्यांनी दारातून डोकं आत घातलं, टेबलाकडे बघितलं आणि तोंड उघडून तसेच गप्प राहिले. त्यांना गप्प मी पहिल्यांदाच बघत होते. गॅरेजवालीच्या कपाळावरची शीर टरारून फुगली होती. टाके घातलेलं बोट नक्कीच ठणकत असणार, पण तिनं ते हूं की चूं न करता दाबून धरलं होतं. एकदा मुलानं हात पुढे केला, मी धरू का म्हणून. तिनं नुसती मान हलवली. त्यानं हात मागे घेतला.

मग तिनं एक बोट सोडलं. दुसरं सोडलं. हात पूर्ण बाजूला घेतले आणि भिंग सरकवून इकडून तिकडून बघितलं. शिडी सरळ उभी होती. बंबवाले नाक ओढायला लागले.

तिनं हात पुसले, मुलाच्या हातातलं पेन घेतलं आणि कागद पुढे ओढला. सगळा वाचला, सावकाश, ओठ हलवत. एका ओळीशी थांबली. त्या ओळीत छापलेलं होतं, "मुलाच्या संमतीने". तिनं त्यावर एक आडवी रेघ मारली, पेन दाबून, आणि मग खाली आपली सही केली, पूर्ण नावानं.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "असं खोडता येत नाही हो, बाई."

"येतं की," ती म्हणाली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "बघा, खोडलं."